चिलखती जीप

वेल्डिंगचा वास आला की मला आखातातल्या अस्कर गावच्या वर्कशॉपमधली ती चिलखती जीप आठवते आणि तिचा जन्मदाता, माझा रत्नागिरीचा वेल्डर दोस्तही. अमेरिकेत लोक असल्या गाड्या घेऊन थेट टोर्नेडोत घुसतात, हे व्हिडिओत पाहून त्याने जुन्या जीपला चहूबाजूंनी जाड पोलादी प्लेटा चढवल्या होत्या. एका दुपारी आभाळ काळंठिक्कर पडलं, दक्षिणेच्या वाळवंटावर ढगातून सोंड लोंबू लागली आणि तो नवरदेवाच्या थाटात ओरडला, "यल्ला भाऊ, चल! बसतोस की घाबरलास?" मी म्हटलं, "मेलो तर बायको मला जिवंत सोडणार नाही!" आणि हसत गाडीत चढलो. वाऱ्याने आम्हाला गाठलं तेव्हा दगड, पत्रे गाडीवर धडाधड आपटत होते, पण आत एक खडा आला नाही. मग जीप उचलली गेली आणि दोनदा उलटली. हत्यारांची पेटी घेतल्याशिवाय तो बाजारातही जात नसे. ती मागच्या सीटवर न बांधता तशीच ठेवलेली होती. ती उघडली आणि त्याचाच हातोडा त्याच्या डोक्यात बसला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने हळूच विचारलं, "प्लेट वाकली का रे?" "एकही नाही," मी म्हटलं. तो खूश होऊन हसला. आजही झिंजमधल्या मित्रांकडे मैफल जमली की मी हा किस्सा साभिनय सांगतो, वादळ दरवेळी थोडं उंच करतो आणि त्याच्या हसण्यापाशी थांबतो. रिफाच्या हॉस्पिटलच्या वाटेवर अँब्युलन्समध्येच तो गेला, हे मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही.