एक्केचाळिसावं कार्ड

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ह्यांच्या हातून गाडी विकली जात नाही, असं मी महिनाभर ज्याला त्याला सांगत फिरले. आता ते वाक्य मागे घ्यायचंय. या वयात स्वतःचे शब्द गिळायचे म्हणजे पाणी जरा जास्तच लागतं.

हे बसच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते, चौतीस वर्षं. सगळं जग ह्यांना मिस्त्री म्हणतं, मुलाचे सासरेसुद्धा. निवृत्त झाले आणि महिन्याभरात कुणाच्या तरी परसातून एक जुनाट गाडी दोरीनं ओढत घेऊन आले. वयानं माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तळ गंजून गेलेला, त्यातून कसलंसं झाड वर आलेलं आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालून बसलेली. मी म्हटलं, "अहो, ही गाडी आहे की खुराडं?" तर म्हणाले, "बघशील."

बघितलं. अकरा वर्षं बघितलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी नऊला जायचे, दुपारी एकला जेवायला यायचे, दोनला परत. ह्यांचं निवृत्त होणं म्हणजे नुसता वर्कशॉपचा पत्ता बदलणं होतं.

वर्कशॉपची एक सवय तर हाडात मुरलेली. प्रत्येक कामाला एक कार्ड. जाड पिवळा पुठ्ठा, त्यावर नंबर, काम काय, कोणी केलं, किती तास लागले आणि शेवटी शेरा. पाठीमागे कामाआधीचा एक फोटो आणि नंतरचा एक. दार बसवलं की कार्ड, काच बसवली की कार्ड. अशी दोनशे सात कार्डं बुटांच्या खोक्यांत ओळीनं लावलेली. शेऱ्यात बहुतेक 'ठीक', कधी 'परत करणे'. 'उत्तम' म्हणून ह्यांनी स्वतःच्या कामाला एकदाही लिहिलेलं मी पाहिलं नाही. जेवणालाही 'ठीक'च म्हणतात, त्यामुळे मला त्याचं नवल नव्हतं.

गाडी झाली मात्र देखणी. खोटं कशाला बोलू? दुधावरच्या सायीचा रंग, आत तपकिरी सीटा, आणि इंजिन सुरू झालं की शेजारणीला कळायचंही नाही. मला पहिल्यांदा त्यातून फिरवून आणलं तेव्हा मी रस्ताभर रडले. हे म्हणाले, "काच वर कर, धूळ जातेय डोळ्यात."

आणि मग घरमालकानं जागा विकली. घर गेलं, शेड गेली. महिनाअखेर सगळं रिकामं करून द्यायचं. मुलगा म्हणाला, आमच्याकडे या. मुलगा चांगला, सून त्याहून चांगली, उगाच कुणाला बोल लावणार नाही. पण घर चौथ्या मजल्यावर आणि आम्ही झोपणार बाहेरच्या खोलीत, उघडला की पलंग होणाऱ्या सोफ्यावर. सगळे उठायच्या आत आपलं अंथरूण आवरायचं आणि नुकत्याच आलेल्या पाहुण्यासारखं बसायचं. दोन दिवस ठीक. पुढचं सगळं आयुष्य?

दुसरीकडे एका लाँड्रीच्या मागे तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या. पायरी एकच. ह्यांचा गुडघा आणि माझी कंबर दोन्ही खूश. मालकीणबाई म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत थांबते, पण अनामत रक्कम एकदम हवी. आमच्याकडे एकदम देण्यासारखं काय होतं? ती गाडी. पुरती किंमत आली तर दोन खोल्या, नाही तर सोफा. इतकं ते सरळ होतं.

किंमत ठरवायला हे खोकी घेऊन बसले. दोनशे सात कार्डांवरचे तास मांडले, त्याला वर्कशॉपची मजुरी लावली. जो आकडा आला त्यात माणसानं विमान घेतलं असतं. मुलानं मोबाईलवर बघून दुसरा आकडा सांगितला, तो ऐकून हे दिवसभर जेवले नाहीत. शेवटी जुन्या गाड्यांची किंमत करून देणारा एक माणूस बोलावला. त्यानं खिशातून लोहचुंबक काढून पत्र्यावरून फिरवलं, कुठे गंजलेल्या भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलाय का बघायला. कुठे नव्हती. खूश होऊन त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरी मारली आणि विचारलं, "मिस्त्री, इंजिनचा नंबर कुठाय?"

मी चहा घेऊन दारात उभी होते. त्यानं समजावून सांगितलं तेव्हा मला कळलं. कारखान्यात इंजिनावर एक नंबर ठोकलेला असतो. तोच गाडीच्या कागदावर असतो. दोन्ही जुळले तर इंजिन मूळचं. आमच्या इंजिनावर नंबरच नव्हता, जागा गुळगुळीत. आता हेच मूळ इंजिन कशावरून? "गाडी लाखात एक आहे," तो म्हणाला, "पण हौशी माणूस निम्मीच किंमत देणार."

हे खाली बघून म्हणाले, "साफ करताना घासला गेला. माझी चूक."

माझं डोकंच फिरलं. "चौतीस वर्षं लेथवर काढलीत आणि एवढं कळू नये? अति तिथं माती म्हणतात ती ही! घासा, अजून घासा! कागदावरचाही नंबर घासून टाका!" तो माणूस बिचारा चहा तसाच ठेवून निघाला. आणि मी काय तेवढ्यावर थांबते? उचलली जीभ लावली टाळ्याला. मुलाला फोन करून सांगितलं, शेजारणीला सांगितलं. हे फडकं घेऊन गाडी पुसत राहिले. मला वाटलं, बोलणार कुठल्या तोंडानं?

गिऱ्हाइकं येऊ लागली. हे आधी दोष दाखवायचे. "इथे रंगात सुरकुती आहे. हे हँडल मूळचं नाही, मी केलंय. इंजिनला नंबर नाही." मी मागून कपाळावर हात मारायची. एक दलाल आला, त्यानं चाकाला लाथ मारून बघितली. हे म्हणाले, "दरवाजा तिकडे आहे." एक कुटुंब आलं, सगळ्यांनी गाडीला टेकून फोटो काढले, घरचं समजून पाणी प्यायले आणि विचार करून सांगतो म्हणून गेले. अजून विचार करताहेत. एक-एक जण गेला की हे गाडीवरचे हातांचे ठसे पुसायचे आणि खुर्चीत बसायचे. मग उठायला वेळ लागायचा. दोघंही इतके दमलो होतो की भांडणसुद्धा अर्ध्यावर सोडून द्यायचो.

महिना संपायला आठवडा उरला तेव्हा, शनिवारी सकाळी, गुरांची डॉक्टर आली. पन्नाशीची बाई, पायात गमबूट, हात ह्यांच्यासारखेच खरखरीत. तिनं गाडी नंतर बघितली, आधी कार्डं वाचली. खाली बसून, एक-एक. मधेच म्हणाली, "काका, चाळीसनंतर एकदम बेचाळीस?"

"हरवलं असेल," हे म्हणाले.

तिनं मान हलवली. नंबर नाही म्हटल्यावर तिनंही निम्मीच किंमत सांगितली, पण निदान मान खाली घालून सांगितली. "उद्या सकाळी पैसे घेऊन येते, गाडी घेऊन जाते." हे लगेच हो म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर तो सोफा उघडला.

पण दुपारभर मला चैन पडेना. हरवलं? ह्यांचं? ज्या माणसानं लग्नात मोडलेल्या छत्रीची काडी जपून ठेवलीय, त्याचं कार्ड हरवतं? हे आडवे झाले तसं मी शोधायला लागले. फार शोधावं लागलं नाही. वर्कशॉपमध्ये पगाराच्या दिवशी खिसा कापला जाऊ नये म्हणून हे पैसे जेवणाच्या डब्याच्या वरच्या खणात घालून आणायचे. माळ्यावरून तो डबा काढला. वरच्या खणात पिवळं कार्ड.

नंबर एक्केचाळीस. काम: इंजिनचा ब्लॉक साफ करणे. कोणी केले: हिने.

मी तिथेच स्टुलावर बसले. नऊ वर्षांपूर्वी ह्यांना कावीळ झाली होती. तीन आठवडे अंथरुणात, सारखं एकच, काम राहिलं, काम राहिलं. म्हणून मी गुपचूप शेडमध्ये जाऊन तो लोखंडी धोंडा रॉकेलनं धुतला, ब्रशनं घासला. एका बाजूला एक उंच पट्टी होती, तिच्यावर काळ्या मेणचट थरात काहीतरी ओरखडे. ते निघेनात. मग मी कानस घेतली. सगळ्यात जास्त कौतुक मला त्या पट्टीचंच होतं, तोंड दिसायचं तिच्यात. हे बरे होऊन आले, बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आरसा केलास की." मग माझा फोटो काढला, काळे हात आणि तोंडभर हसू.

तो फोटो कार्डामागे होता. त्याच्या वरती आधीचा, हे आजारी पडायच्या आदल्या दिवशीचा. त्यात ती पट्टी आणि पट्टीवर नंबर. सगळे आकडे, वाचता येतील असे. शेजारी ह्यांच्या सवयीप्रमाणे तारखेची चिठ्ठी.

म्हणजे पुरावा होता. दोन खोल्या त्या डब्यात होत्या. पण तो दाखवायचा तर नंबर कोणी घालवला तेही दिसलं असतं. आणि मी महिनाभर चारचौघांत ह्यांना फाडून खात होते. चोराच्या उलट्या बोंबा! मला इतकी लाज वाटली की रडूही येईना.

रविवारी डॉक्टरीणबाई आली तसं मी ते कार्ड सरळ बॉनेटवर ठेवलं. "नंबर मी घालवला," मी म्हटलं, "ह्यांनी नाही. वाचा."

हे खुर्चीतून उठले. "तुला डबा उघडायला कोणी सांगितलं होतं?"

"आणि तुम्हाला खोटं बोलायला?"

तिनं पर्समधून भिंग काढलं. फोटोतला एक-एक आकडा कागदाशी ताडून बघितला, दोनदा. मग म्हणाली, "काका, फोटो म्हणजे नंबर नव्हे, त्याचे थोडे कमी करीन. बाकी पुरती किंमत. पण हे कार्ड गाडीबरोबर लागेल मला." थोडे कमी करूनही अनामत निघत होती. मी तिथूनच लाँड्रीमागच्या मालकीणबाईंना फोन लावला.

गाडी गेली. वळणावर तिनं हॉर्न वाजवला, ह्यांनी हात केला. शेडमध्ये तेलाचा एक डाग राहिला. आम्ही दोघं तिथल्या लाकडी खोक्यांवर बसलो.

"एक विचारू?" मी म्हटलं. "त्या कार्डावर शेऱ्यात तुम्ही 'उत्तम' लिहिलंय. तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना मी काय घोळ घातलाय? दोनशे सातमध्ये एक 'उत्तम', ते माझ्या सत्यानाशाला?"

हे गुडघा चोळत राहिले. "शेरा कामाचा असतो," म्हणाले. "काम तू उत्तमच केलं होतंस. तिथे नंबर आहे, तेवढं सोडून घास, हे सांगणं मिस्त्रीचं काम. ते मी केलं नव्हतं."

"म्हणून नऊ वर्षं गप्प बसलात? आणि मी एवढं बोलले ते ऐकून घेतलंत?"

"चूक माझीच होती की," हे म्हणाले. "चल, सामान बांधायचंय."