ओट्यावरचा साबण

थोरल्या बाई म्हणजे माझी मोठी जाऊ. झरी गावात आमच्या वस्तीत त्यांच्याइतकी माणसांची हौस कुणाला नव्हती. आल्यागेल्याला त्या हाताला धरून आत न्यायच्या. चहा न घेता कुणी उठलं की रुसायच्या. त्याच बाईंनी पुढे ओट्यावर पाण्याची बादली आणि साबण ठेवला आणि येईल त्याला सांगू लागल्या, "हात धुवा अन् तिथंच बसा. आत येऊ नका."

त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. राणीसावरगावहून त्यांची माय आली आणि तिनं आपली एक दिली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी राखणदारासारख्या असतात. बाहेरचं काही दिसलं की त्याच्यावर तुटून पडतात. त्यांना मायची किडनीही बाहेरचीच. म्हणून औषधं देऊन त्या कमी करायच्या. पण मग साधा खोकलाही जिवावर बेततो. बाईंनी घरी आल्यावर मला सांगितलं, "राखणदार जागे झाले तर मायला हाकलतील. न्हाई झाले तर कुणी बी आत शिरंल. आता काय करावं माणसानं?"

मी कमी बोलते, म्हणून त्या मला मुकी म्हणायच्या. दवाखान्यात मात्र मलाच न्यायच्या. "चल मुके. तू गप बसतीस, मग मला म्याडमशी बोलता येतं."

आणि त्या बोलायच्या. एकदा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की डुकराची किडनी माकडाला बसवून पाहायला लागलेत. त्या माकडांनाही अशीच औषधं देतात, आणि कमी झालेल्या पेशी परत कशा येतात ते रक्त काढून बघतात. सगळ्या एकदम येत नाहीत. आधी लढलेल्या, शत्रू ओळखणाऱ्या लवकर परततात. नव्या, नवख्या उशिरा येतात.

बाई म्हणाल्या, "म्हंजे जुनं ध्यानात ठिवणारेच आधी येतात."

तेव्हापासून दर खेपेला आपला रिपोर्ट विचारायच्या आधी त्या विचारायच्या, "म्याडम, माकड कसं हाय?" डॉक्टरीणबाई हसायच्या. बाई हसायच्या नाहीत. एसटीत मला म्हणाल्या, "त्याला बी लांब बसवलं असंल गं. त्याला तर कशापायी ते बी कुणी सांगितलं नसंल."

लांब बसवणं आमच्या घरात सोपं नव्हतं. सासूबाईंच्या काळात वरच्या आळीत आमच्या बायकांना अंगणाच्या कडेला उभं राहावं लागे, आणि पाणी वरून ओंजळीत ओतलं जाई. त्याच आळीतली कौसामावशी आता बाईंना भेटायला यायची. पहिल्यांदा साबण पाहून ती ओट्याखालीच थांबली.

"का गं, आता आमची शिवाशिव का?"

बाई दारातून म्हणाल्या, "लय वर्षं तुमी बसवलं आमाला. आता थोडे दिवस तुमी बसा की!"

कौसामावशीला इतकं हसू आलं की पदर तोंडावर घ्यावा लागला. ती मुकाट्यानं हात धुऊन ओट्यावर बसली. ती गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "बोलून गेले. मस्करीत बी बोलाय नको होतं. माझ्या दारात कुणाला लांब बसावं लागावं, हे मला सोसंना."

पुढे पेशी फारच उतरल्या आणि ताप आला; बाईंना दवाखान्यात ठेवलं. कुठून आला ते कळलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधं थांबवू. पेशी परत याव्यात."

"अन् मायची किडनी?"

"ती मग जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाईंनी मान हलवली. औषध थांबवायला त्या तयार होईनात. शेवटी त्यांची माय खाटेपाशी आली, तोंडाला मास्क लावून. "अगं, ती तुला जगायला दिली म्या. तिला सांभाळत मरायला दिली का? जाऊ दे तिला."

मग औषधं थांबली. पेशी हळूहळू वाढायला लागल्या, पण ताप त्यांच्या पुढे गेला होता. बोलता येत होतं तोवर बाईंनी विचारलं, "म्याडम, त्या माकडाजवळ कुणी बसतं का?"

"हो, एक माणूस असतो."

"मग बरं हाय," बाई म्हणाल्या. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

बाईंना घरी आणलं तेव्हा सगळी वस्ती आत आली. ओट्यावर कुणी थांबलं नाही, पाय ठेवायला जागा उरली नाही. बादली आणि साबण तिथेच होता. उचलायचं कुणाला सुचलं नव्हतं. इतक्यात वरच्या आळीतून कौसामावशी आली. माणसांनी तिला वाट करून दिली. पण ती आधी ओट्यावर वाकली. रडत रडत दोन्ही हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, पदराला पुसले आणि मगच आत येऊन तिनं बाईंच्या कपाळावर हात ठेवला.