बस स्टॉपवर राहिलेले बूट

मंडळी, आमची नवी ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगन चिखलामातीत कुठेही जाते म्हणून घेतली, आणि तीन महिने मी तिला मातीचा कण लागू दिला नाही! इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाची लाल माती मॅटवर बसली की निघत नाही. म्हणून बूट काढून डिकीतल्या टबात ठेवायचे आणि मगच चढायचं, हा माझा नियम.

आज सकाळी गाव धुक्यात बुडालं होतं. युनिव्हर्सिटीजवळच्या बस स्टॉपवर एक मुलगी एकटीच उभी. यंदा आपल्याकडची इतकी मुलं शिकायला आलीत, लांबूनच ओळखू येतात. रविवारी बस कुठली वेळेवर! म्हटलं, "चल, सोडते."

माझा लेक मागच्या सीटवरून ओरडला, "शूज ऑफ, प्लीज!"

ती निमूट बूट काढून बसली. सांगलीची ईशा. गाडी धुक्यात तरंगत असल्यासारखी चालली होती. ईशा पाय पोटाशी घेऊन नुसती बाहेर बघत होती.

तिच्या घरापाशी कळलं, बूट स्टॉपवरच राहिले.

"सॉरी काकू. घरात शिरताना दाराबाहेर काढतो ना, तसेच काढले गेले."

आम्ही परत गेलो. ओल्या मातीत दोन्ही बूट शेजारी शेजारी, नीट लावून ठेवलेले.

मी म्हटलं, "घाल आणि तशीच बस."

आता मॅटवर लाल ठसे आहेत. व्हॅक्यूम बाहेर काढला, आणि परत ठेवून दिला.

तुमच्या गाडीत आहे असा एखादा डाग, जो तुम्ही मुद्दाम पुसला नाहीत?