हवालदाराची बायको

उपनगर नवं होतं आणि पोलीस चौकी म्हणजे सायकलच्या दुकानामागची एक खोली. तिथे बाई शिपाई नव्हती. म्हणून कुणी बाई पकडून आणली की फौजदारसाहेब शेजारी राहणाऱ्या हवालदाराच्या बायकोला तिच्याजवळ बसायला बोलावत.

एकदा दुकानातून कपडे चोरले म्हणून एका तरुण बाईला आणलं. ती तोंडातून ब्र काढेना. साहेबांनी आवाज चढवला, तशी ती आणखीच आक्रसली. हवालदाराच्या बायकोने धीर द्यायला पाठीवर हात ठेवला, तर ती कळवळली.

"साहेब, तुम्ही सगळे जरा बाहेर थांबा," हवालदाराची बायको म्हणाली.

साहेबांना हुकूम ऐकायची सवय नव्हती, तरी ते गेले. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली.

"कपडे हिनेच घेतले. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं, नेसत्या वस्त्रानिशी. पाठ काळीनिळी झालीय. आधी त्याला आणा."

नवऱ्याला आणलं, आणि तो कोठडीत गेला. साहेबांनी वरिष्ठांचा पिच्छा पुरवून हवालदाराच्या बायकोला नोकरीत घ्यायला लावलं.

"मग घरचं कोण बघणार?" हवालदार कुरकुरला.

"दोघं बघू."

परीक्षा देत देत ती फौजदार झाली. नवरा हवालदारच राहिला. लोक चेष्टेने विचारत, "घरी सलाम कोण ठोकतं?"

"जो उशिरा येतो तो," हवालदार सांगे.

ती निवृत्त झाली तेव्हा चौकीचं दुमजली ठाणं झालं होतं. निरोपाच्या भाषणाला ती उभी राहिली. "बायकांना बोलायला एक वेगळी खोली द्या," एवढं म्हणून ती खाली बसली. खोली त्याच वर्षी मिळाली.