मुलीचा पगार धरायचा नाही, काका

घरांच्या लॉटरीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता, आणि माझ्या दुकानाच्या लाइनीत तिचे बाबा उभे होते.

स्वारगेटजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. बी.कॉम. सेकंड इयरला एका सरांशी भांडलो आणि परत गेलोच नाही... डोकं गरम आहे, माहितीये मला.

ती कोण, हे मित्रांना माहितीये, बाकीच्यांनी विचारू नये. सदाशिव पेठेत आमच्या मागच्याच गल्लीत ते भाड्याने राहतात. दर अकरा महिन्यांनी मालकाचा मूड बघायचा... माझ्या डोळ्यांदेखत तीन घरं बदलली त्यांनी. माझ्याबद्दल काकांचं मत एका शब्दात आहे. अर्धवट.

मोठा प्रकल्प बांधायचा तर बिल्डरला काही घरं कमी किमतीत द्यावी लागतात, तसा कायदाच आहे. ती घरं सरकारी लॉटरीतून मिळतात. यंदा लोणी काळभोरच्या बाजूची एक बिल्डिंग त्यात होती. बाकी दुकानांत नेट बंद पडलेलं, म्हणून काका नाइलाजाने माझ्याकडे.

सगळी माहिती त्यांनी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून आणली होती. उत्पन्नात स्वतःचं, काकूंचं आणि खाली तिचा पगार. तिघांची बेरीज केली की ते त्या घरांसाठीच्या उत्पन्नगटाच्या बाहेर जात होते... म्हणजे फॉर्म बाद.

म्हटलं, "काका, मुलीचा पगार धरायचा नाही."

"आमच्याकडे खोटं लिहायची पद्धत नाही."

"खोटं नाही हो, नियम आहे. फक्त नवरा-बायकोचं उत्पन्न धरतात."

"स्वतःचं कॉलेज पुरं न करणाऱ्यांनी आम्हाला नियम शिकवू नयेत."

सटकली माझी. तो कागद त्यांच्यासमोर टराटरा फाडला.

काका शांतपणे म्हणाले, "छान. आता पुन्हा लिहायला कागद दे. त्याचे पैसे मी देणार नाही."

त्यांनी खाली मान घालून परत सगळं तसंच लिहायला घेतलं. आणि तेव्हा माझ्या मनात आलं... म्हणतायत तसंच भरू. फॉर्म बाद होईल, ते इथेच कुठेतरी पेठेत राहतील, ती रोज संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावरून जात राहील. मला फक्त गप्प बसायचं होतं. थोडा वेळ बसलोही.

मग तिचं ते सामान आठवलं. तिसऱ्या घरी गेल्यावर तिने दोन खोकी उघडलीच नव्हती. म्हणाली होती, परत बांधायचीच आहेत ना...

ड्रॉवरमधून लॉटरीची माहितीपुस्तिका काढली. ती मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलीये, पिवळा हायलायटर घेऊन. उत्पन्नाचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं.

काकांनी चष्मा बदलला. दोनदा वाचलं. हातातल्या पेनाने तिच्या पगारावर पट्टी धरल्यासारखी सरळ रेघ मारली.

"हे एवढं सगळं तू वाचलंस?"

"हो."

"मग परीक्षेला काय झालं होतं?"

लाइन हसली. मला पण हसू आलं. फॉर्म भरला, पावती दिली.

परवा काका पुन्हा आले, पेढे घेऊन. तरी लाइनीतच उभे राहिले... नंबर आल्यावर माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "लागलं घर." मग मागे वळून लोकांना म्हणाले, "याच्याकडेच भरा. तापट आहे, पण वाचून भरतो."

नंबर लागणं त्यांचं नशीब. पण त्या ड्रॉमध्ये त्यांचं नाव होतं, ते माझ्यामुळे. एवढी कॉलर मी आज ताठ करणार. कायदा कागदावरच राहतो म्हणतात लोक... कागदावरच असतो तो, वाचायला लागतो.

रविवारी बसने जाऊन ती बिल्डिंग लांबून बघून आलो. आमच्या कोपऱ्यापासून तिच्या गेटपर्यंत एक तास दहा मिनिटं. खिडकीची जागा मिळाली तर काहीच लांब नाही.