झबल्यातला दाब

१८ जानेवारी. नारायणगावातल्या माझ्या शिवणाच्या दुकानात मी शाळेच्या गणवेशांना बटणं लावत होते. डिंगोरे गावचा एक साठीचा माणूस चपला बाहेर काढून आत आला.

"ताई, झबलं पायजे. लगीच." त्याने मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं. "एवढी हाय. लेकीची लेक."

"वाढत्या अंगाचं शिवते."

"नगं. मापाचंच शिवा." दवाखान्याची फाईल त्याने छातीशी धरली होती. "वार बाळाच्या आधीच सुटली. लेक वाचली, बाळ पोटातच गेलं. मातीत उघडं कसं ठिवायचं?"

मी मलमल कापली, मशीन चालवलं. हाताच्या सवयीने शिवणीत जादा कापडाचा दाब सोडला. बाळ वाढलं की उसवून झबलं मोठं करता यावं, म्हणून सगळ्यांनाच सोडते. शिवणीवरून फिरणारा त्याचा अंगठा नेमका तिथे थांबला. मी ओशाळून कात्री उचलली.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तिच्या आईनं शिवलं असतं, तर तिनंबी सोडलाच असता."

झबल्याची घडी खिशात ठेवून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारशाची तीन झबली शिवायची होती. तिन्हींना बोटभर दाब सोडला.