मरळ गेली, कापूस भिजला

तोंडाशी आलेली मरळ मासोळी आज एका घागरीनं घालवली. हे आधी, राम राम मंग.

पेठेतल्या बायांनो, सातासमुद्रापार कुठं लढाई लागली अन् इथं कापसाले सोन्याचा भाव आला. माह्या लेकानं ज्वारीचं वावरही कपाशीखाली घातलं. आता घरात दाणा नाही, म्हणून या वयात मी गावतळ्यावर गळ टाकाले शिकून राहिली.

शेजारची भोईण म्हणे, "आजी, गळाले बेंडकी लाव. मरळीनं धरली की लगेच ओढू नको, गिळू दे."

आज मरळीनं धरली. मी दम धरून बसली. तेवढ्यात बाजूलेच कोणीतरी धपकन घागर बुडवली. मरळ बेंडकी टाकून पळाली.

"कावून रे, तुले दुसरा काठ नव्हता?"

मान वर केली, तर माहाच लेक. मांगं गाडीत कापूस. वजन वाढावं म्हणून त्याच्यावर पाणी शिंपून राहिला होता.

"माय, समदेच भिजवतात."

"समद्यांच्या माया गळ टाकून बसल्या काय?"

तो गाडी हाकून गेला.

आता रातच्याले ताटात काय वाढू, ओला कापूस? याचं उत्तर लेकानंच द्यावं. सुनेनं मधात पडू नये.